रतनशेठचे अकरा बैल

१

शिरपूरच्या जिनिंगमागच्या आवारात अकरा बैल ओळीने मरून पडले होते, आणि ते बघताना डॉक्टर चुडामण बैसाणे यांना मनातून बरं वाटत होतं.

त्यांनी हे अर्थातच कुणाला दाखवलं नाही. नाकावर रुमाल बांधला, बाह्या वर सारल्या आणि एकेकाचा जबडा उघडून पाहिला. हिरड्यांवर कोंडा सांडल्यागत पांढरे चट्टे, डोळ्यांखाली वाळलेल्या धारा, मागचं अंग घाणीने लडबडलेलं. बुळकांडी. दुसरं काही असण्याचा सवालच नव्हता. गेल्या तीन वर्षांत तालुक्यातल्या एकाही गोठ्यात हा रोग शिरला नव्हता; चार मार्चला नाक्यावर मेलेल्या एका मोकाट बैलाचा नमुना तेवढा तपासणीला गेला होता. आणि आता १९६८च्या मार्चात, नेमका सोमवारी परदेशी पाहुणा यायचा असताना, तो असा आवार भरून पडला होता.

पाहुणा म्हणजे डॉक्टर तेस्फाये. मूळचे इथिओपियाचे, एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडून आलेले. लस वाळवायची यंत्रं, रॉकेलवर चालणारे फ्रीज, शिकवायला माणसं, हे सगळं दहा देशांनी मिळून उभं केलं होतं. एका देशाने रोग हटवला आणि शेजाऱ्याने ठेवला, तर दोघांचीही जनावरं मरतात. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा रोगमुक्त झाला की नाही, ते पाहायला तेस्फाये येणार होते.

डॉक्टर पुढच्या बैलाशी वाकले आणि त्यांचा हात थबकला. बैलाच्या उजव्या कानाला गोल भोक होतं. लस टोचली की ते भोक पाडायचं, अशी रीत. त्यांनी बाकीचे दहा कान तपासले. अकराही बैल टोचलेले होते. आणि टोचलेला बैल बुळकांडीने मरत नाही.

"पाहिलंत ना, डाक्टर?" पाठीमागून आवाज आला. रतनलालशेठ. जिनिंगचे मालक, गुरांचे व्यापारी, पांढरंशुभ्र धोतर आणि तोंडात कायम लवंग. "पाच वर्षांपूर्वी चौकशीत बोललो होतो, तेच आज बोलतो. पाणी टोचता तुम्ही लोक. निव्वळ पाणी!"

फौजदार पानपाटील बाजूलाच उभे होते. ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, मला एकच सांगा. लस कुचकामी निघाली, की शेठनी सरहद्दीचा नाका चुकवून आजारी जनावर आत आणलं? लस कुचकामी असेल तर तुमचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक. जनावर आणलं असेल तर शेठला मी आज संध्याकाळी आत घेतो. तुमची सही तेवढी द्या."

सही कशावर करायची, ते डॉक्टरांनी मनाशी केव्हाच ठरवलं होतं. पण आवारात पेंड भिजवणारी बेबाबाई पदर तोंडाला लावून पुढे आली.

"डाक्टर, एक सांगू? अकराना अकरा एकच सकायले बसनात. सांजले बठ्ठास्नी पेंड खादी. सकाय कोनी तोंड बी लायं नही. एक पुढे नही, एक मांगे नही."

डॉक्टर ताडकन उभे राहिले. बुळकांडी अशी येतच नाही.

२

ती कशी येते, हे डॉक्टरांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आधी एक जनावर पडतं. त्याच्या श्वासातून, लाळेतून रोग शेजारच्याला लागतो, आणि सहा-आठ दिवसांनी तो पडतो. आजारी बैल बाहेरून आणला असता, तर गोठ्यात पहिला कोणतरी असताच. अकरा एकाच सकाळी बसले, याचा अर्थ अकरांनाही रोग एकाच वेळी लागला होता.

ते दवाखान्यात परतले तेव्हा शिपाई सुपडू सुया उकळत बसला होता. साठीला आलेला, वाळक्या अंगाचा माणूस. बिथरलेला बैलही त्याच्या हाती कान देऊन शांत उभा राही.

"गयात?" त्याने विचारलं.

"बठ्ठा गयात, सुपडूभाऊ."

सुपडूने मान हलवली आणि पुन्हा सुयांकडे पाहू लागला. त्याला आनंद झाला असणार, असं डॉक्टरांना वाटलं. त्यात नवल नव्हतं. त्रेसष्ट साली बुळकांडीने चौदा गावं धुऊन नेली, तेव्हा डॉक्टर आणि सुपडू, दोघांनाही एकाच माणसाने आयुष्यातून उठवलं होतं. रतनशेठने चौकशीत शपथेवर सांगितलं होतं की माझे टोचलेले बैल मेले, बैसाण्यांची लस सडकी होती. झालं. डॉक्टर एकोणीस महिने निलंबित. बापाने मेलेली ढोरं ओढली, लेक जिती मारतो, असंही कचेरीत कुणीतरी त्यांच्या कानावर पडेल अशा बेताने बोललं होतं, आणि ते त्यांच्या काळजात आजवर रुतून होतं. सुपडूचं तर गावच गेलं. अनेर नदीकाठच्या त्याच्या गावात त्यानेच दारोदार फिरून लोकांना टोचणीला राजी केलं होतं. शेठची साक्ष गावात पोचली आणि लोकांनी त्याचं पाणी तोडलं. पोरीची सोयरीक मोडली. बायको लिलाबाईने त्यानंतर दारात गाय बांधली नाही.

"एकदा त्यान्हा गोठामां शिराले पाहिजे बुळकांडी," असं डॉक्टर स्वतः सुपडूसमोर कितीदा तरी बोलले होते. आज ती शिरली होती.

दुपारी त्यांनी शेठला पेढीवर गाठलं. "नवीन जनावर कधी आणलंत?"

"पौषापासून एक नाही. नाक्यावर विचारा, बेबाबाईला विचारा." शेठ गादीवर पुढे सरकले. "मला अडकवायचा विचार दिसतो. पण माझे बैल असे तसे नव्हते, डाक्टर. जानेवारीत तुमची टोचणी झाली, तेव्हा सगळ्या पेठेचे बैल तापाने लोळले. शेजारच्या पुनाचं औत चार दिवस सुटलं होतं. आणि माझे? पाचव्या दिवशी कापसाच्या गाड्या ओढत नरडाण्याच्या स्टेशनावर गेले! ताप नाही, काही नाही. सरकी खाणारी जनावरं होती ती."

शेठला वाटलं आपण बढाई मारली. डॉक्टरांना मात्र ते खटकलं. या लसीने ताप येतोच. कुणाला कमी, कुणाला जास्त, पण दोन दिवस बैल चारा सोडतो.

"शेठ, पुनाचे बैल आज कसे आहेत?"

"ठणठणीत. माझ्याच हौदावर पाणी पितात."

म्हणजे लस उत्तम होती. फक्त शेठच्या अकरा बैलांच्या अंगात ती कधी गेलीच नव्हती. मग त्यांच्या कानांना भोकं कुणी पाडली?

३

"मी पाडायला लावली," धनकुंवरबाई म्हणाल्या.

रतनशेठच्या आईंकडे डॉक्टर खरं तर सहज म्हणून गेले होते. म्हातारी सामायिकाला, जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसली होती म्हणून त्यांना तासभर पडवीत थांबावं लागलं. मग तिने त्यांना आत बोलावलं, चटई टाकली आणि काही विचारायच्या आत स्वतःच बोलायला लागली. तिला सकाळपासून कुणाजवळ तरी हे ओकायचं होतं.

"तुमच्या खात्याचं छापील पत्रक आलं होतं. मला वाचता येतं, डाक्टरसाहेब. त्यात लिहिलं होतं की ही लस बोकडाच्या प्लीहेतून काढतात. एक बोकड मारायचा आणि त्याच्यातून शेकडो बैल टोचायचे. मी विचार केला, माझ्या दारचे बैल वाचवायला मी बोकडाची हत्या माथी घेऊ? मी तुमच्या टोचणाऱ्या भिकापुढे हात जोडले. म्हटलं, बाबा, कानाला भोक पाड, नाहीतर सरकार माझ्या रतनला त्रास देईल. पण ती सुई त्यांच्या अंगात घालू नकोस."

"आणि बैल मेले तर?"

"तर त्यांचं कर्म, असं वाटलं तेव्हा." तिने हातातल्या माळेचा एक मणी ओढला. "काल त्यांचं हंबरणं ऐकलं, तेव्हापासून तसं वाटत नाही. एक जीव वाचवायला गेले आणि अकरा घालवले. आता ते माझ्याच माथी."

डॉक्टरांना तिचा राग यायला हवा होता, तो येईना. म्हणून त्यांनी दुसराच प्रश्न विचारला. "माँजी, हे यंदाच केलं? की त्रेसष्टातही?"

म्हातारीने माळ मांडीवर ठेवली. बाहेर शेठच्या चपला वाजल्या, तसा तिने दाराकडे एकदा पाहिलं.

"तेव्हाही," ती म्हणाली. "तेव्हाचा टोचणारा वारला बिचारा. त्यानेही माझं ऐकलं होतं."

"शेठना ठाऊक होतं?"

"माझ्या रतनला सगळं ठाऊक होतं. चौकशीत त्याने उलटं सांगितलं. मी तीन दिवस अन्न घेतलं नाही, पण त्याने साक्ष फिरवली नाही. खरं बोलला असता, तर सीमेपलीकडून त्याने चोरून आणलेली रोगी जनावरं उघडी पडली असती ना."

डॉक्टरांना आपलं निलंबन आठवलं. एकोणीस महिने. ज्या बैलांच्या मढ्यांवर त्यांना उभं करून चोर ठरवलं, त्या बैलांना सुई लागलीच नव्हती.

"हे लिहून द्याल?"

"खरं आहे ते लिहून द्यायला मला कसली भीती?" म्हातारी म्हणाली आणि तिने बोरू नव्हे, चक्क शेठचंच फाउंटन पेन मागवलं.

४

त्या संध्याकाळी डॉक्टर पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

टोचणारा भिका दोन प्रश्नांत कबूल झाला. जाडा, घामाघूम, सतत रुमाल चाळवणारा माणूस. "म्हातारी पायाशी वाकली, साहेब. आईच्या वयाची बाई. मी सुई भरलीच नाही, नुसता चिमटा मारला. सुपडूभाऊंनी कान धरला होता, ते काही बोलले नाहीत."

"आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेठच्या आवारात तू गेला होतास?"

"मी वरणगावला होतो. मेहुणा कारखान्यात असतो ना, त्याच्या घरचं लग्न. चार ते आठ मार्च. रजेचा अर्ज तुमच्याच सहीचा आहे."

डॉक्टरांनी तो प्रश्न का विचारला होता? कारण त्यांच्या हिशेबाने रोग अकरा बैलांना पाच मार्चच्या आसपास लागला होता. पण विजयाच्या भरात त्यांनी तो धागा सोडून दिला. त्यांनी अहवालाचा कागद ओढला आणि झरझर लिहायला घेतलं. लस उत्तम. खोटी भोकं मालकाच्या घरून. त्रेसष्टची साक्ष जाणूनबुजून खोटी. सोबत धनकुंवरबाईंचा जबाब. शेवटी त्यांनी पानपाटलांना हवी होती ती ओळ लिहिली: रोगी जनावर मालकाने नाका चुकवून आणले असावे.

ती ओळ खोटी होती, हे त्यांचं त्यांना कळत होतं. अकरा बैल एकाच सकाळी बसले होते. पण रतनशेठ कोठडीत, हे चित्र इतकं गोड होतं की त्यांनी पेन थांबवलं नाही.

"सुपडूभाऊ, वाचू का?"

सुपडूने उंबऱ्यात बसून सगळं ऐकलं. त्रेसष्टची ओळ आली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "आखो एक डाव वाचा," तो म्हणाला. डॉक्टरांनी ती ओळ तीनदा वाचली.

सोमवारी सकाळी डॉक्टर तेस्फाये धुळ्याहून जीपने आले. उंच, शांत, बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहायची सवय असलेला माणूस. त्यांनी पहिल्यांदा काखेतली पिशवी उघडली आणि एक तार डॉक्टरांपुढे ठेवली.

"बैसाणे, तुम्ही चार मार्चला नाक्यावर मेलेल्या मोकाट बैलाचा नमुना काढला होता. प्लीहा. बाटलीत घालून आमच्या प्रयोगशाळेला पाठवलात."

"हो. मी स्वतः चिरला तो बैल. बुळकांडी असणार, अशी माझी खात्री होती."

"तार वाचा."

डॉक्टरांनी वाचली. बाटलीतली प्लीहा निरोगी होती. आणि ती बैलाची नव्हतीच. बोकडाची होती.

५

तेस्फाये यांनी आवाज चढवला नाही. "माझ्या आजीच्या काळात हा रोग आमच्याकडे आला. बैल गेले, नांगर थांबले, माणसं गवताची मुळं खाऊन मेली. म्हणून मी हे काम करतो. माझ्या लेखी एक प्रश्न आहे. रोगाने भरलेली ती खरी प्लीहा कुठे गेली?"

कुठे गेली, ते खोलीतल्या दोघांनाही कळत होतं. ती शेठच्या गोठ्यात गेली. कुणीतरी बाटलीत खाटकाकडची बोकडाची प्लीहा घातली आणि खरी ठेवून घेतली. असं करणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक असायला हव्या होत्या. नमुना कधी निघाला, तो कुठे ठेवला आणि शेठच्या बैलांच्या कानातली भोकं पोकळ आहेत.

"हे तिन्ही तुम्हाला ठाऊक होतं का?" तेस्फाये यांनी विचारलं. "तुमचं शेठशी वैर आहे, असं फौजदार सांगत होते."

पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांना पहिल्यापासून ठाऊक होत्या. पोकळ भोकांचं त्यांना परवा कळलं होतं. पण हे शपथेवर सांगायचं, तर ऐकणारा कोण? "मला दुपारपर्यंत वेळ द्या," ते म्हणाले, आणि सायकल काढून थेट जिनिंगच्या आवारात गेले.

बेबाबाई रिकाम्या गोठ्यात झाडत होती. बैल नव्हते तरी झाडत होती.

"अक्का, चार-पाच मार्चले आठे कोनी ऊना व्हता का? गाववाला नही, दुसरा कोनी?"

तिने झाडू टेकवला. "कोनी नही बा. दवाखानाना मानूस ऊना व्हता, तेवढा. सकायले. वल्लं फडकं लिसन बठ्ठा बैलस्ना नाक पुसी गया. माय लेकरूनं पुसस तसं. मोठा मायाळू मानूस."

"कोन? भिका?"

"भिका कसाले? भिकाले बैल जवय येवू देतस नहीत. तुम्हना म्हातारा."

दवाखान्यातला म्हातारा कोण, हे डॉक्टरांना विचारावं लागलं नाही. चार मार्चला बैल चिरून त्यांचे हात रक्ताने माखले होते, आणि त्यांनी प्लीहा ताटलीत ठेवून सांगितलं होतं, सुपडूभाऊ, बाटलीत भरा आणि उद्या नरडाण्याला जाऊन आगगाडीत टाका. वीस वर्षांच्या सोबतीत त्यांनी सुपडूच्या हातातली वस्तू कधी उघडून पाहिली नव्हती. नरडाण्याची वाट जिनिंगवरूनच जात होती.

६

सुपडू दवाखान्याच्या मागे हौदाशी बसला होता. डॉक्टर येताना दिसले तसा तो उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच उठला नाही.

"बोकडनी तार ऊनी ना?" तो म्हणाला. "परदेशी डाक्टर एवढं बारीक देखी, हाई माले वाटनं नही."

"तुम्ही कयं हाई?"

"मीच कयं."

"काबरं?" डॉक्टरांनी विचारलं. "त्या जनावरस्नी तुम्हनं काय बिघाडं व्हतं?"

"काहीच नही. जानेवारीमां मी कान धरेल व्हता, साहेब. भिकानी सुई भरी नही, नुस्तं भोक पाडं. तवय माले समजनं. त्रेसष्टमां बी असंच व्हयेल शे. शेठनी आपली मान मोडी ती खोटा बैलस्वर."

"मंग माले सांगानं! मी वर लिखी देतू."

सुपडू हसला. त्या हसण्यात कडवटपणाखेरीज काही नव्हतं. "तुम्ही लिहितात. मंग चौकशी व्हती. चौकशीमां शेठनी गोट खरी ठरस, आपली नही. हाई तुम्हलेच ठाऊक नही का? मरेल बैल मातर खोटं बोलतस नही. पुनाना जगनात, शेठना मरनात. आते कोनी म्हणी की लस सडेल शे?"

हिशेब पक्का होता. डॉक्टरांना तो पक्का वाटला, आणि आपल्याला तो पटतोय या विचाराने त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"साहेब, तुम्ही त्या कागदवर लिखेल शे ना, शेठनी आजारी ढोर आनं म्हनीसन? ती सही करी टाका. तुम्हनं वैर फिटस, मनं बी फिटस. बोकडनी गोट काय, बाटली बदली गयी म्हना."

डॉक्टर हौदाच्या कठड्यावर बसले. सही करायला फक्त एक क्षण लागला असता. रतनशेठ आत गेला असता, सुपडू सुया उकळत बसला असता. पण तेस्फाये तो कागद घेऊन पुढच्या देशांत जाणार होते. रोग नाका चुकवून आला असं त्यात लिहिलं, तर ते सगळा सरहद्दीचा बंदोबस्त चुकीच्या वाटेवर लावणार होते, आणि उद्या कुणीही वैरी फडकं भिजवून कुणाच्याही गोठ्यात शिरला तर त्याला शोधायचं कुणाला सुचलं नसतं. आणि आणखी एक होतं. रतनशेठला खोट्या कागदावर आत टाकला, तर त्रेसष्टचा रतनशेठ आणि आजचे चुडामण बैसाणे यांच्यात फरक काय उरला? हा विचार त्यांना अजिबात आवडला नाही. त्यांना खरंच शेठला कोठडीत बघायचं होतं.

"जमाव नही, सुपडूभाऊ," ते म्हणाले, आणि रडू आवरायला त्यांनी हौदातलं पाणी तोंडावर मारलं.

७

दुपारी अहवाल नव्याने लिहिला गेला. नाका चुकवल्याची ओळ गेली. बदललेली बाटली आली, प्लीहेच्या रसात भिजवलेलं फडकं आलं, सुपडूचं नाव आलं. नमुना आपण स्वतः सीलबंद केला नाही आणि शेठच्या गोठ्यात बुळकांडी शिरावी असं आपण अनेकदा बोललो, हेही डॉक्टरांनी आपल्या हाताने लिहिलं. त्रेसष्टच्या खोट्या साक्षीची ओळ मात्र जशीच्या तशी राहिली.

पानपाटलांनी बैलांच्या मालकाची फिर्याद घ्यायला शेठला दवाखान्यात बोलावून घेतलं. शेठनी अहवाल उभ्यानेच वाचला. सुपडूचं नाव आलं तिथे त्यांच्या भुवया वर गेल्या. खालची ओळ आली तिथे त्यांच्या तोंडातली लवंग थांबली.

त्यांनी डॉक्टरांना पडवीत घेतलं. आवाज मऊ होता.

"डाक्टर, मी फिर्यादच देत नाही. माझे बैल, माझं नुकसान. रोगाने मेले म्हणतो. म्हातारा नोकरीतून जाईल, पण तुरुंगात जाणार नाही. या वयात तुरुंग म्हणजे तो परत यायचा नाही, तुम्हीही जाणता." शेठनी बोट त्या ओळीवर ठेवलं. "ही एवढी ओळ खोडा. आईचा कागद मला परत द्या. या परदेशी माणसाला जुन्या भानगडीशी काय घेणं? रोगाचं सगळं तुमच्या अहवालात आहेच."

आणि ते खरं होतं. ती ओळ नसती तरी अहवालात काही खोटं उरत नव्हतं. ती ओळ फक्त चुडामण बैसाण्यांची होती. एकोणीस महिने, कचेरीतलं ते वाक्य, बापाचं नाव, सगळं त्या एका ओळीत धुऊन निघणार होतं. आणि तिच्या बदल्यात सुपडूचं उरलेलं आयुष्य समोर ठेवलं होतं. सौदा कसा मांडायचा ते रतनशेठला बरोबर कळायचं.

डॉक्टरांनी पेन उघडलं. पडवीच्या कडेला लिलाबाई येऊन बसली होती. तिला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, तिने नवऱ्याच्या दोन बंड्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. तिच्याकडे पाहून डॉक्टरांनी पेनाचं टोक त्या ओळीवर टेकवलं.

"थांबा, साहेब."

सुपडू दारात उभा होता. पानपाटलांचा हवालदार त्याच्या मागे होता, पण त्याने सुपडूला धरलं नव्हतं.

"ती ओय खोडू नका," सुपडू म्हणाला. "तिन्हाकरता मी अकरा जीवस्ना पाप डोकावर लिधं. ती खोडशात तं मी काबरं कयं हाई? गावमां वाची दाखाडा ती. मनी पोरनी सोयरीक मोडी त्या घरले बी पाठाडा."

"सुपडूभाऊ, तुम्ही परत येनार नही."

"मी तं त्रेसष्टमांच गयेल शे."

लिलाबाई उठली, बंड्यांचं गाठोडं नवऱ्याच्या हातात दिलं आणि पदर खोचून डॉक्टरांकडे वळली. "खोडू नका, डाक्टर," ती म्हणाली. पाच वर्षांत तिने परक्या माणसाशी बोललेलं हे बहुधा पहिलंच वाक्य असावं.

डॉक्टरांनी पेनाचं टोक उचललं. शेठचा चेहरा ओढल्यासारखा झाला. "मग फिर्याद देतो मी," ते ओरडले. "लिहा फौजदार, सगळं लिहा!"

"द्या," सुपडू म्हणाला.

पायऱ्या उतरताना तो शेठजवळ क्षणभर थांबला. त्याचा आवाज शांत होता, दवाखान्यात आलेल्या कुठल्याही मालकाशी बोलावं तसा.

"शेठ, आते नवा बैल लिशात तं खरंखुरं टोची ल्या. मी राहसू नही कान धराले."

मग तो पोलिसांच्या जीपमध्ये जाऊन बसला, आणि डॉक्टरांनी अहवालावर सही केली.